नाखव्याची वीत

पनवेलला माझा जम बसला तो नाखव्यामुळे. हे आधीच लिहून ठेवतो. पुढे क्रेन, पूल, भरती-ओहोटी असं सांगत गेलो की त्यातच रमायची मला सवय आहे, आणि ज्याचं नाव घ्यायचं तो माणूस मागे राहतो.

नाखवा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. उरण-पनवेलच्या खाडीत मचवा, म्हणजे शिडाची होडी, हाकणाऱ्याला नाखवा म्हणतात. आमच्या क्रेनवाल्याने उमेदीची वर्षं मचव्यावर काढलेली, म्हणून साइटवर साहेबांपासून पाणीवालीपर्यंत सगळे त्याला नाखवाच म्हणत. लिहिताना मी त्याला अरेतुरे करतो आहे. समोर माझी तशी छाती नव्हती.

तो आठवला की आधी त्याचा उजवा हात दिसतो. क्रेनच्या खिडकीतून बाहेर काढलेला, पंजा ताणून उभा धरलेला, हवेतच काहीतरी मोजत असल्यासारखा. "ईतभर," तो म्हणायचा. ईतभर म्हणजे वीतभर. ओझं कुठलंही असो, सिमेंटच्या गोण्यांची थप्पी असो की पुलाची लोखंडी तुळई, आधी वीतभर उचलायचं आणि थांबायचं. त्याचं झुलणं शांत होईपर्यंत, दोर कुरकुरायचा राहीपर्यंत थांबायचं. मगच वर. आता गंमत अशी की नाखव्याच्या त्या हाताला करंगळी नव्हती. अंगठ्यापासून अनामिकेपर्यंतच त्याची वीत, म्हणजे तुमच्या-माझ्या वितीपेक्षा चांगलीच आखूड. पण साइटवर माप तेच चालायचं.

मी वऱ्हाडातला. सातवीतून शाळा सोडली आणि जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गठाणी उचलायला लागलो. लग्न झालं, मुलगी झाली आणि कारखान्याला कुलूप लागलं. गावातल्या एकाने सांगितलं, पनवेलला गाढी नदीवर पूल होतो आहे, खलाशी हवेत. खलाशी म्हणजे जहाजावरचा नव्हे. ओझ्याला वायरचा दोर बांधून ते क्रेनच्या हुकात अडकवणारा. तो मला घेऊन आला आणि खारी हवा मानवत नाही म्हणून स्वतः परत गेला. मी राहिलो. परत जाऊन करायला तिथे मला काही काम उरलं नव्हतं, आणि घरी आई, बायको आणि मुलगी माझ्या मनिऑर्डरीकडे डोळे लावून होत्या. ही नोकरी गेली तर काय, हा प्रश्न माझ्या छातीवर सकाळी डोळे उघडायच्या आधीच येऊन बसायचा.

भीती मला सगळ्याचीच वाटे. मुकादमाच्या आवाजाची वाटे. मिठागरांवरून येणाऱ्या वाऱ्याची वाटे. त्या नदीची तर फारच. सकाळी खाडीकडे वाहणारं पाणी दुपारी उलटं, गावाकडे वाहत यायचं. आमच्याकडे नद्या असं करत नाहीत.

क्रेन लढाईतली होती. लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली, कोण जाणे कुठल्या-कुठल्या वाळवंटातून फिरून आलेली. वरचा पिवळा रंग खरवडला की खाली हिरवा निघायचा. बसायची मूळ गादी फाटली होती. तिच्या जागी नाखव्याने मचव्याची एक फळी बसवून वर गोणपाट टाकलं होतं. क्रेनच्या लांब हाताला तो डोलकाठी म्हणायचा. वारा बघायचा असला की गावाकडे मान वळवून भाताच्या गिरणीच्या धुराड्याकडे बघायचा. धूर सरळ वर चालला असेल तर खूष. धूर आडवा झाला की इंजिन बंद करून खाली उतरायचा आणि चहा मागवायचा. मुकादमाने कितीही आदळआपट केली तरी म्हणायचा, "धुराला सांग सरल जायला. तो गेला का मी चरतो वर."

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मी सळयांचा भारा बांधला होता. नाखव्याने तो वीतभर उचलला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कोनी बांधला हा?"

"मी. मीच बांधून राहिलो होतो," मी म्हणालो.

"बांधून ऱ्हायला व्हतास, का बांधलास?"

सगळे हसले. आमच्या वऱ्हाडी 'राहिलो'ची तिथे कायम थट्टा व्हायची. भारा एका अंगाला कलला होता हे मला तेव्हा दिसलं. नाखव्याने तो खाली ठेवला. "परत बांध." मी परत बांधला. पुन्हा वीतभर, पुन्हा कलला, पुन्हा खाली. मुकादम हा घाटावरचा माणूस, तोंडाने फटकळ. तो म्हणाला, "नाखवा, ह्याला शिकवायला शाळा काढलीय व्हय? घ्या की वर, कोण मरतंय एवढ्यानं." नाखव्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अखेर भारा आडवा, सपाट टांगला गेला तेव्हा तो मला म्हणाला, "बघ. आता कसा पालन्यात निजल्यासारखा हाय. असा निजला का मग न्यावा कुठं न्यायचा तिकरं."

शिव्या नाहीत, घाई नाही. मी इतका घाबरलेला होतो की त्या दिवशी मला ते कौतुकच वाटलं.

पनवेलात तेव्हा एवढी क्रेन दुसरी नसावी. त्यामुळे ठेकेदाराची परवानगी काढून लोक अधूनमधून तिला गावात न्यायचे. एकदा भाताच्या गिरणीत नवं इंजिन बसवायचं होतं. छपराचे पत्रे काढून ते वरून आत सोडायचं, आणि चौथऱ्यात रोवलेल्या बोल्टांवर त्याच्या बैठकीची भोकं बरोबर उतरवायची. अर्धा बाजार बघायला जमला. गिरणीमालकाने चौथऱ्यावर नारळ ठेवला आणि हौसेने म्हणाला, "नाखवा, तुमच्या इंजिनानेच फुटू द्या. लोक बघतील तरी."

नाखवा क्रेनवरून खाली उतरला. नारळ उचलला, पायरीच्या दगडावर आपटून फोडला, पाणी चौथऱ्यावर शिंपडलं आणि दोन्ही भकलं मालकाच्या हातात दिली. "नारल फोराला हात हायेत," म्हणाला आणि परत वर जाऊन बसला. गर्दी जरा हिरमुसली. मग इंजिन वर गेलं, छपरातून आत आलं, बोल्टांच्या डोक्यावर वीतभर थांबलं आणि तिथून इतकं सावकाश उतरलं की ते हलतं आहे की नाही हे कळेना. गिरणीच्या मिस्त्रीने बोल्टांच्या आट्यांवर ग्रीस फासून ठेवलं होतं. इंजिन टेकल्यावर त्याने वाकून पाहिलं. ग्रीस कुठेही खरवडलेलं नव्हतं. त्याने गर्दीकडे बघून भुवया उडवल्या. तुम्ही तिथे असता तर नारळाची हौस तुम्हीही विसरला असता.

दुपारी नाखवा क्रेनच्या सावलीत जेवायचा. त्याचं गाव उलवे, खाडीकाठचं. तांदळाची भाकरी आणि सुकट. मी लांब बसायचो. मासळीच्या वासाने मला कसंसंच व्हायचं आणि ते लपवायची माझी धडपड त्याला दिसायची. "आज खातंस का?" तो रोज विचारायचा. मी रोज मान हलवायचो. एक दिवस बायकोने मुद्दाम दिली म्हणून त्याने नुसती भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पुढे केला. "काकी म्हनते, त्या वऱ्हारी पोराला सांग, भाकरीला काय मासली चिकटलेली नाय." काकी म्हणजे त्याची बायको. मी तिला कधी पाहिलं नाही, पण पुढे मी सुकटही खायला लागलो ती तिच्याच हातची.

वितीचं मूळ मला असंच एका दुपारी कळलं. त्याच्या वडिलांचा मचवा उलव्याच्या खाडीत चिखलात रुतून पडला होता. एका वादळात दोर तुटला, मचवा खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, शिरला आणि बसला तो बसला. "चिखल सोरत नाय," नाखवा सांगत होता. "तू जोर लावशील तसा तो ओढून धरल. दोर तुटल, नायतर मचव्याचा तल फाटल. आमी काय करायचो, एक बाजू ईतभर उचलायची आन् धरून ऱ्हायचं. भरतीचं पानी वाट काढीत आत शिरतं. पानी शिरला का चिखलाचा हात सुटला. मग उचल."

"मग तुमचा मचवा का नाही निघाला?"

"आतां जनं लांब गेली. मानसं गोला करायची कुठून. ही क्रेन तिथवर नेली असती, पन रस्ता नाय." तो सुकट चघळत राहिला. "होल रस्ता कवातरी."

काही दिवसांनी क्रेनला इशारे देणारा माणूस नोकरी सोडून गेला. क्रेनमध्ये बसलेल्याला ओझ्याची पलीकडची बाजू दिसत नाही. खाली उभा असलेल्याच्या हातावर तो ओझं चालवतो. मुकादमाने एक पैलवानी अंगाचा, खणखणीत आवाजाचा गडी पुढे केला.

नाखवा म्हणाला, "मला हा वऱ्हारी द्या."

"ह्यो?" मुकादम माझ्याकडे बोट दाखवून हसला. "अवो, ह्यो सोताच्या सावलीला भितोय."

"म्हनून तर मागतो. तुमचा पैलवान हाय ना, तो वझ्याकरं बघत नाय. बघनाऱ्यांकरं बघतो."

मी दचकलो. असं काम अंगावर घ्यायची माझी मुळीच इच्छा नव्हती. नाखव्याने मला बाजूला घेतलं. "हे बघ बाला. उचल म्हनायचं ते तुजा काम. दुसऱ्या कोनाचा हात मी बघनार नाय, साहेबाचा पन नाय. पन थांब? थांब कोनीपन म्हनू दे. पानीवाली म्हनली तरी मी थांबनार."

आता त्या दिवसाचं सांगतो.

पुलाची पहिली मोठी तुळई चढवायची होती. क्रेन काठावर उभी होती, तिच्या पायांखाली जाड लाकडी ओंडके. भरती चढली की तो काठ आतून मऊ पडायचा, म्हणून पाणी चढायच्या आत काम उरकायचं ठरलं होतं. साहेब, म्हणजे आमचे इंजिनिअर, सकाळपासून खांबावर चढून मापं बघत होते. ठेकेदार शेठ मोटार घेऊन आले होते. खांदा आणि विचुंबे गावांतली माणसं बांधावर रांगेने बसली होती.

तुळई वीतभर उचलली. निजली. मी हात वर केला. ती माझ्या डोक्यावरून गेली, हळूहळू खांबाकडे वळायला लागली आणि तेवढ्यात मला क्रेनच्या मागच्या पायापाशी ओल दिसली. ओंडक्याखालची माती काळी पडली होती, आणि तो काळा डाग माझ्या डोळ्यांदेखत पसरत होता. खाली पाणी आलं. एवढंच डोक्यात आलं.

"थांब," मी ओरडलो आणि दोन्ही हात पसरले.

क्रेन जागच्या जागी थांबली. इंजिन तेवढं घरघरत राहिलं. तुळई हवेत लोंबकळत होती आणि सगळी माणसं माझ्याकडे बघत होती.

साहेब खांबावरून धावत उतरले. गुडघ्यावर बसून त्यांनी ओंडक्याखाली बोट घातलं, ओली माती चोळली आणि बोट जिभेला लावलं. "गोडं पाणी आहे," ते म्हणाले. "खाडीचं नाही."

तेव्हा पाणीवाली पुढे आली. हंडा सावलीत राहावा म्हणून तिने तो क्रेनच्या मागे ठेवला होता. तिने तो उचलून बुडाला हात लावला. "आगो बाय, हा माजाच हंडा. कालपासून गलतो हाय मेला."

बांधावरची माणसं खो-खो हसली. शेठही हसले. मुकादम हसला नाही. भरती चढत होती आणि वेळ माझ्यामुळे गेला होता. तो माझ्या अंगावर धावून आला. "हंड्याला घाबरून क्रेन थांबवतोस? बांध गबाळं. सांजच्या गाडीनं सरळ गावाला जायचं. हो बाजूला." मला ढकलून तो माझ्या जागी उभा राहिला आणि नाखव्याकडे बघून त्याने हात वर केला.

क्रेन हलली नाही.

मुकादमाने पुन्हा हात वर केला. नाखव्याने दोर गुंडाळणाऱ्या ड्रमचा खटका पाडला. त्याचा टक् असा आवाज मला खालीसुद्धा ऐकू आला. आता तुळई खटक्यावर घट्ट टांगलेली होती. मग त्याने दोन्ही हात क्रेन चालवायच्या दांड्यांवरून काढले आणि मांडीवर ठेवले.

"नाखवा, भरती येतीया," मुकादम ओरडला.

"दिसतंय मला. भरती माज्या गावावरूनच येते," नाखवा म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता. "हात त्याचा पायजे."

"त्यानं चूक केली."

"काय चूक? ओल दिसली, थांब बोलला. हंडा गलत नसता तर?"

"पन गळत होता ना."

"मंग हंड्याला गावाला पाठव."

पुन्हा हशा पिकला, पण आता तो माझ्यावर नव्हता. मी बाजूला उभा होतो. आईला काय सांगायचं याचीच वाक्यं मी मनात जुळवत होतो. साहेबांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा तुळईकडे, एकदा वर खिडकीकडे. मग मुकादमाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि मला म्हणाले, "या, उभे राहा. क्रेन त्यांची आहे. ते म्हणतील त्याच्याच हातावर चालणार."

मी जागेवर आलो. हात वर केला तर तो इतका कापत होता की इशारा कसला ते कुणालाच कळलं नसतं. नाखव्याने खिडकीतून आपला उजवा हात बाहेर काढला. पंजा ताणून उभा धरला, चारच बोटांचा. ईतभर.

मला समजलं. एवढी मोठी तुळई खांबावर न्यायची आहे हे विसरायचं. फक्त वीतभर. मी तसाच हात धरला. खटका निघाला, तुळई वीतभर वर आली आणि थांबली. ती निजेपर्यंत आम्ही दोघे थांबलो, आणि तेवढ्या वेळात माझा हातही निजला. पुढचं सगळं त्या हाताने केलं, मी नाही. तुळई वळली, खांबावर गेली, वीतभर वर थांबली आणि उतरली. तुळईचं आणि खांबाचं भोक जुळलं का ते साहेबांनी पहार घालून पाहिलं. पहार हातानेच आत गेली, ठोकावी लागली नाही. पाणी तेव्हा पुढच्या ओंडक्यांना लागत होतं.

माझं गबाळं बांधायचा विषय मुकादमाने पुन्हा काढला नाही. संध्याकाळी त्यानेच मला विडी दिली. "उद्यापास्नं हंडे आधी बघत जा," एवढं मात्र बोलला.

मी नाखव्यापाशी गेलो. "तुम्ही माझ्यासाठी..." असं काहीतरी सुरू केलं.

"तुज्यासाटी नाय," तो म्हणाला. चिंध्यांनी हात पुसत होता. "लढाईच्या दिसांत मी मुंबईला गोदीत व्हतो. तिथं एक जन असाच उगाच वरडला. काय नव्हतं, फुकटची धावाधाव झाली. मुकादमानं त्याला चार मानसांत शिव्या घातल्या. दुसऱ्या दिशी दोर खरंच सुटत व्हता. त्याला दिसला, पन तो गप ऱ्हायला." त्याने उजवा हात माझ्यापुढे धरला. "मी सस्त्यात सुटलो. माज्या बाजूला व्हता तो नाय सुटला."

मग चिंधी खिशात कोंबून म्हणाला, "तू वरडत जा. दहादा उगाच वरडलास तरी मी थांबेन. तेवढाच हंडा कुठं गलतो ते पन कलल."

पूल झाला. क्रेन दुसरीकडे गेली तसे आम्हीही गेलो. त्या वर्षांत त्याने मला दांड्यांवर बसवलं, शेजारी उभा राहून. पुढे त्याच्या डोळ्यांत सारा येऊन अंधुक दिसायला लागलं तेव्हा स्वतःच ठेकेदाराला सांगून खाली उतरला. मचव्याची ती फळी त्याने माझ्यासाठी क्रेनवर ठेवली आणि आपण उलव्याला गेला. जाताना त्याने मला धुराड्याकडे बघायला सांगितलं. तिथे जवळपास धुराडं नव्हतं, पण मी हो म्हटलं.

आता मी फार लांब, एका धरणाच्या कामावर आहे. क्रेन नवी आहे, फळी तीच आहे. बायको आणि मुलगी इथेच माझ्याजवळ आहेत. मला इशारे देतो तो मुलगा तेलुगू मुलखातला. परवा त्याने विचारलं, वीत दाखवताना तुम्ही करंगळी दुमडून का घेता. मला माहीतच नव्हतं की मी तसं करतो. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे वीत एवढीच असते. तो अधूनमधून उगाच ओरडतो. मी थांबतो.

उरणकडचा एक फिटर मध्यंतरी इथे आला होता. तो सांगत होता, नाखवा आहे, काठी टेकत रोज खाजणात मचव्यापाशी जाऊन बसतो. रस्ता मात्र अजून गावाच्या अलीकडेच थांबला आहे.

नाखवा, तो रस्ता होईलच. झाला की मी क्रेन घेऊन येईन. मचव्याची लाकडं धड असोत की कुजलेली, तुमच्या दारात आणून ठेवीन. दांड्यांवर मी बसेन आणि काठावर तुम्ही उभे राहा. दिसत नसलं तरी चालेल, काकी सांगतील कुठवर आलं ते. उचल म्हणायला हात तुमचाच. आधी ईतभर उचलू. मग पाणी आत शिरेपर्यंत दोघे थांबू.